लायबेरियात साक्षरता शिक्षिका म्हणून जावे का? जाऊन आलेल्यांचा सल्ला हवा

वसईची_बाई
7 फेब्रुवारी 2010

नमस्कार मंडळी,

मी वसईची. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत 31 वर्षे नोकरी करून गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षे पहिलीच्या वर्गावर गेली, त्यामुळे पाटीवर 'ग' गिरवणाऱ्या बोटांची मला चांगली ओळख आहे. आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या पॅरिशमध्ये) पूर्वी असलेल्या एक सिस्टर सध्या पश्चिम आफ्रिकेत आहेत. त्यांच्याकडून कळले की लायबेरियातल्या बाँग काउंटीत, ग्बार्नगा या गावाच्या आसपास, चर्चतर्फे प्रौढ स्त्रियांसाठी साक्षरता वर्ग चालतात आणि त्यांना स्वयंसेवक शिक्षिका हव्या आहेत. विमानाचे भाडे आपले आपण भरायचे, राहण्या-जेवण्याची सोय तिकडचे चर्च करील. तीन महिन्यांसाठी जावे असे माझ्या मनात आहे.

मुले मार्गाला लागली आहेत. यजमानांचा विरोध नाही, मात्र "डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची निरक्षर माणसे संपली काय?" असे ते विचारतात आणि त्याला माझ्याजवळ धड उत्तर नाही. बोलावणे तिकडून आले आहे, एवढेच मी सांगू शकते.

बायबलमधल्या गोष्टींवर आधारलेली एक सचित्र अंकलिपी मी तयार करायला घेतली आहे. माझे प्रश्न दोन. इतकी वर्षे युद्धात होरपळलेल्या मोठ्या बायकांना शिकवताना काय सांभाळावे लागते? आणि मला इंग्रजी लिहिता-वाचता चांगले येते, पण बोलताना मी अडखळते. तेवढ्यावर भागेल का?

दर्यावर्दी
7 फेब्रुवारी 2010

ताई, मी मालवणचा, मर्चंट नेव्हीत आहे. जगातल्या व्यापारी जहाजांचा मोठा हिस्सा लायबेरियाच्या झेंड्याखाली नोंदलेला असतो आणि अशा जहाजाच्या मागच्या अंगावर 'मन्रोव्हिया' असे तिथल्या राजधानीचे नाव रंगवलेले असते. ही नोंदणी चालवणारे कार्यालय अमेरिकेत आहे, म्हणून देशात युद्ध पेटलेले असतानाही ती सुखेनैव चालू राहिली. त्या नावाखाली मी 11 वर्षे नोकरी केली आणि शहर मात्र पहिल्यांदा पाहिले ते 2007 मध्ये, फ्रीपोर्ट बंदरात आमचे जहाज तांदूळ उतरवायला लागले तेव्हा.

शिकवण्यातले मला काही कळत नाही, पण एक प्रसंग सांगतो. बंदराच्या फाटकाशी एक घाऊक व्यापार करणारी बाई दहा पोत्यांचे बिल हातात उलटे धरून उभी होती आणि कारकुनाशी वाद घालत होती. कारकून कागद दाखवून दाखवून सांगत होता, ती तोंडी हिशेब करत होती. शेवटी बेरीज पुन्हा केली तेव्हा बाईचा हिशेब बरोबर निघाला आणि कागदावरचा चुकला होता. निरक्षर म्हणजे हिशेबाला कच्ची, असे समजून जाऊ नका.

बाकी पीतज्वराची लस टोचून त्याचे पिवळे प्रमाणपत्र जवळ ठेवा, हिवतापाच्या गोळ्या न चुकता घ्या आणि विजेची आशा धरू नका. माउंट कॉफीचे जलविद्युत केंद्र 1990 मध्ये युद्धात निकामी झाले, तेव्हापासून जनरेटर असेल त्याच्याच घरी उजेड.

तर्कट
8 फेब्रुवारी 2010

ताईंच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण 'बायबलमधल्या गोष्टींवर आधारलेली अंकलिपी' हे वाचून थांबलो. अक्षरओळख ही माणसाची गरज आहे, आणि गरजवंताला ती देताना सोबत धर्माची पुडी बांधून देणे मला योग्य वाटत नाही. लायबेरियात 2008 च्या जनगणनेनुसार 85 टक्क्यांहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत, तेव्हा धर्मप्रसाराची निकडही दिसत नाही. मात्र सुमारे 12 टक्के मुसलमान आहेत. चर्चच्या आवारातल्या, नोहाच्या तारवाचे (बायबलातल्या महापुरातल्या नौकेचे) चित्र असलेल्या वर्गात त्यांच्यातली एखादी बाई येऊन बसेल का, आणि बसली तर कोणत्या भावनेने, याचा विचार व्हावा.

पायवाट
9 फेब्रुवारी 2010

वसईच्या ताई, मी मूळची नगरची. 2006 च्या ऑगस्टपासून 2008 च्या मे महिन्यापर्यंत मी ग्बार्नगाजवळच्या एका गावात हेच काम करत होते, तेही चर्चमार्फतच. म्हणून सविस्तर लिहिते. काही कडू वाटेल, त्याबद्दल आधीच माफी मागते.

तीन महिन्यांचा विचार आधी सोडून द्या. पहिला महिना कान तयार होण्यात जाईल, दुसऱ्यात हिवताप येईल आणि तिसऱ्यात निरोपाची तयारी सुरू होईल. माझ्या आधी त्या वर्गावर तीन स्वयंसेवक येऊन गेले होते आणि तिघांच्याही नोंदवह्या मला कपाटात सापडल्या. प्रत्येकाने पहिल्या धड्यापासून सुरुवात केली होती आणि प्रत्येकाची वही सातव्या-आठव्या धड्यावर संपली होती. म्हणजे त्याच बायका पहिला धडा तीनदा शिकल्या होत्या. मी चौथ्यांदा तोच धडा फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. ती का, हे मला दोन आठवड्यांनी वह्या उघडल्यावर समजले.

आता युद्धाविषयी. 24 डिसेंबर 1989 ला चार्ल्स टेलरचे बंडखोर निंबा काउंटीतून आत शिरले. 1997 च्या निवडणुकीने टेलर राष्ट्राध्यक्ष झाला, 1999 मध्ये लढाई पुन्हा सुरू झाली, आणि 11 ऑगस्ट 2003 ला त्याने देश सोडल्यावर आठवडाभरात अक्रा येथे शांतता करार झाला. ग्बार्नगा ही बंडाच्या काळात टेलरची राजधानी होती. मी गेले तेव्हा विशी-पंचविशीत असलेल्या मुलींचे शाळेचे वय याच वर्षांत जळून गेले होते. माझ्या वर्गातल्या बहुतेकींनी टोटोटा आणि सलाला इथल्या विस्थापितांच्या छावण्यांत दिवस काढले होते.

मी सोबत चित्रांचे तक्ते नेले होते. 'मार्केट' हा शब्द शिकवण्यासाठी त्यात एक चित्र होते: डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका आणि मुले रस्त्याने रांगेत चालली आहेत. मी विचारले, "ही माणसे कुठे चालली आहेत?" आपल्याकडे कोणीही आठवडी बाजार म्हणाले असते. वर्ग गप्प झाला. मग पुढच्या बाकावरची एक बाई हळूच म्हणाली, "दे रनिंग." ते पळून चालले आहेत. एक जण उठून बाहेर गेली ती त्या दिवशी परत आली नाही. चित्रात बंदूक नव्हती, रक्त नव्हते, काहीही नव्हते. मी तो तक्ता उतरवला आणि त्यानंतर बाहेरून आणलेले एकही चित्र त्यांना आधी दाखवून विचारल्याशिवाय वापरले नाही. तुमच्या नोहाच्या तारवाबाबतही हेच म्हणेन. पुराला भिऊन घरदार सोडणारी माणसे तिथे गोष्टीतली राहत नाहीत.

आणखी एक. पहिल्या दिवशी ओळख करून घेताना "तुमची मातृभाषा कोणती?" असे सहज विचारू नका. 1990 मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर बंडखोर हाच प्रश्न विचारत. उत्तर क्राहन किंवा मँडिंगो (सरकारच्या बाजूच्या मानल्या गेलेल्या जमाती) निघाले तर तो माणूस पुढे जात नसे. तुम्हाला भाषा कळायला हवी हे खरे, पण ती ऐकून ओळखा.

तर्कट यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याला तिथला इतिहासही जोडला पाहिजे. अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी 1822 पासून किनाऱ्यावर वसाहत केली आणि 1847 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, ते मन्रोव्हियाच्या प्रॉव्हिडन्स बॅप्टिस्ट चर्चमध्ये. पुढे 130 हून अधिक वर्षे त्यांच्या वंशजांनी राज्य केले. इंग्रजी बोलणे, चर्चला जाणे, कोट-टोपी घालणे ही राज्यकर्त्या वर्गाची खूण झाली. तिथल्या क्पेले भाषेत अशा माणसाला 'क्वी' म्हणतात. 1980 च्या लष्करी उठावात मारले गेलेले राष्ट्राध्यक्ष टोल्बर्ट स्वतः बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते. तेव्हा ख्रिस्ती शिक्षिका म्हणून तुम्ही गावात पाऊल ठेवता, तेव्हा तुमच्या आधी ही सगळी वरात तिथून गेलेली असते. त्याच चर्चची दुसरी बाजूही लोक विसरलेले नाहीत. जुलै 1990 मध्ये मन्रोव्हियाच्या सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या सुमारे 600 जणांची सरकारी सैनिकांनी कत्तल केली. आणि 2003 मध्ये पांढरे कपडे घालून रस्त्याच्या कडेला बसलेल्या, लढणाऱ्यांना वाटाघाटीला भाग पाडणाऱ्या बायकांत लेमा ग्बोवी यांच्यासारख्या चर्चमधल्या बायका होत्या तशा मशिदीतल्याही होत्या.

माझ्या वर्गात दोन मुसलमान मँडिंगो बायका होत्या. वर्गाची सुरुवात प्रार्थनेने होई, कारण तिथे पंचायतीची बैठकसुद्धा प्रार्थनेशिवाय सुरू होत नाही. आठवड्यातून एकदा त्या दोघींपैकी एक आपल्या पद्धतीने प्रार्थना करी. हे मी ठरवले नव्हते. त्या बायकांनीच ठरवले, मी फक्त आडवी आले नाही.

वसईची_बाई
9 फेब्रुवारी 2010

पायवाटताई, तुमचे लिखाण दोनदा वाचले. चित्राची गोष्ट वाचून माझ्या अंकलिपीची पाने पुन्हा चाळली; गाढवावर बसून मिसरला पळून जाणारे मारिया-योसेफ चौथ्याच पानावर आहेत. अंकलिपी सध्या कपाटात ठेवली.

तीन महिन्यांबद्दल तुमचे म्हणणे पटते, पण मनाला लागलेही. पहिलीच्या वर्गात मी दिवाळीपर्यंत मुलांना वाचायला लावत असे. मोठ्या बायकांना तीन-साडेतीन महिन्यांत निदान स्वतःचे नाव तरी लिहिता येणार नाही का?

भाषावेडा
10 फेब्रुवारी 2010

ताई, नाव लिहिता येईल, पण कोणत्या भाषेत शिकवणार हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. लायबेरियाची राजभाषा इंग्रजी, मात्र बाँग काउंटीत घरोघरी क्पेले बोलतात. देशातल्या दर पाच माणसांत साधारण एक क्पेले आहे. लुथरन चर्चने क्पेले आणि लोर्मा या भाषांत साक्षरतेचे काम युद्धाच्या खूप आधीपासून केले आहे. ज्या भाषेत बाई विचार करते तिच्यात अक्षरे आधी शिकावीत आणि मग इंग्रजीकडे वळावे, हा क्रम मला योग्य वाटतो.

आपल्या बाराखडीवर वाढलेल्या शिक्षिकेला आवडेल अशी एक माहिती देतो. लायबेरियाच्या वायव्येला वाई नावाचे लोक आहेत (साताऱ्याच्या वाईशी संबंध नाही). 1830 च्या दशकात त्यांच्यातल्या मोमोलू दुवालू बुकेले याने स्वतःच्या भाषेसाठी लिपी घडवली. तिच्यात प्रत्येक अवयवाला, म्हणजे 'का', 'कि', 'कु' अशा प्रत्येक उच्चाराला, स्वतंत्र चिन्ह आहे. ही लिपी लोक शाळेत जाऊन शिकत नाहीत. ओळखीच्या कोणाकडून शिकतात आणि पत्रे लिहिण्यासाठी, हिशेब ठेवण्यासाठी वापरतात. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल या संशोधकांनी 1970 च्या दशकात याच लोकांचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की नुसते लिहिता-वाचता आल्याने माणसाची एकंदर विचारशक्ती बदलत नाही. ज्या कामासाठी तो लिहितो त्या कामात तो तरबेज होतो. म्हणून कोणत्या कामासाठी शिकायचे, हे शिकणाऱ्या बाईलाच विचारावे.

पायवाट
10 फेब्रुवारी 2010

भाषावेडा, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन. क्रमाबद्दल मात्र अनुभव वेगळा आहे. मीही क्पेले आधी असाच आग्रह धरला होता. बायकांनी ऐकून घेतले आणि एक म्हातारी म्हणाली, की क्पेले तिला आईने शिकवली, त्यासाठी रात्री कंदील जाळून इथे यायची तिला गरज नाही. दवाखान्यातला कागद इंग्रजीत असतो आणि कोर्टातलाही. तिथे साक्षर माणसाला 'ही नो बुक' म्हणतात, 'त्याला बुक येते'. आणि 'बुक' म्हणजे त्यांच्या लेखी इंग्रजीच. शेवटी आम्ही अक्षरांचा आवाज क्पेले शब्दांवर बसवायचा आणि वाचायचे इंग्रजी, असा मधला मार्ग काढला. शास्त्राला तो मान्य होईल की नाही, माहीत नाही.

इंग्रजीची अडचण ताईंना आधीच सांगून ठेवते. आपण देवनागरीवाले, लिहिले तसे बोलतो, काना-मात्रा दिली की मूल वाचते. तिथल्या इंग्रजीत शब्दाच्या शेवटचे व्यंजन बहुधा गळते. 'राइस' हा शब्द 'राय' होतो, 'हाउस' हा 'हाउ'. मी फळ्यावर 'राइस' लिहून त्याचे आवाज सुटे करून दाखवले, तर एकीने विचारले, "शेवटी ते 'स' कशाला लिहिले आहे? आम्ही तर ते म्हणत नाही." मी म्हणाले, "इंग्रज म्हणतात." ती म्हणाली, "मग त्यांनी लिहावे." गावाचे नावही ग्बार्नगा असे लिहायचे आणि 'बांगा' असे म्हणायचे. तुमची 31 वर्षे इथे फारशी उपयोगी पडणार नाहीत. तुम्हीही तिथे पहिलीत बसाल.

आता नाव लिहिण्याबद्दल. येते ना, दोन महिन्यांत येते. पण ते चित्रासारखे येते. नाव लिहिणारी बाई आणि वाचणारी बाई यांच्यात फार अंतर असते, आणि स्वयंसेवकांच्या अहवालांत या दोघी एकाच रकान्यात मोजल्या जातात. या रकान्यावर माझा राग आहे, आणि तो भरणाऱ्यांत मीही होते.

अभ्यासक्रमाचा खरा मालक शेतीचा हंगाम असतो. जानेवारीपासून जंगल तोडून जाळायचे, पावसाच्या तोंडावर भात पेरायचे, मग पाखरे राखायची, सप्टेंबरपासून कापणी. आपल्याकडच्या सावडीसारखी तिथे 'कू' असते. दहा-वीस जणी मिळून आज हिच्या शेतात, उद्या तिच्या शेतात. कूचा दिवस असला की वर्ग रिकामा. जुलै-ऑगस्टात मागच्या वर्षीचे भात संपलेले आणि नवे उभे, ती तर उपासमारीचीच वेळ. मुलींना सांदे या स्त्रियांच्या पारंपरिक दीक्षेसाठी रानात नेले की पुन्हा काही आठवडे खंड. पहिल्या वर्षी मी हजेरीपटावरच्या फुल्या पाहून रडकुंडीला आले होते. दुसऱ्या वर्षी कूच्या गटालाच वर्ग मानले. त्या जिथे जमत तिथे, काम संपल्यावर अर्धा तास, गुडघ्यावर पाटी.

आणि वाचायचे काय? तर 'सुसू'ची वही. सुसू म्हणजे आपली भिशी: दर आठवड्याला ठरलेली रक्कम जमा करायची आणि पाळीपाळीने एकीला सगळी द्यायची. कोणी किती दिले याची वही असते, आणि ती ठेवायला 'बुक येणारा' एखादा पुरुष लागतो. माझ्या गटातल्या वहीवाल्याने पैसे खाल्ले असा संशय होता, पण सिद्ध करणार कोण? माझ्या हाताने बनवलेले सगळे धडे एका बाजूला आणि ती मळकी वही एका बाजूला. त्यांना फक्त ती वाचायची होती. आम्ही सदस्यांची नावे, आठवड्याचे वार आणि 1 ते 500 पर्यंतचे आकडे यांवर पाच महिने काढले. मी आखलेल्या अभ्यासक्रमात यांतले काहीही नव्हते.

शेवटचा मुद्दा, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. तिथे बुक येणारी माणसे अगदीच नाहीत असे नाही. सहावी-सातवीपर्यंत शिकून युद्धामुळे घरी बसलेल्या बायका आहेत. त्या क्पेले बोलतात, कू कोणत्या दिवशी आहे ते त्यांना ठाऊक असते, आणि त्या निघून जाणार नसतात. मी वर्षभर स्वतः फळ्यापुढे उभी राहिले, ही माझी चूक. उरलेले नऊ महिने अशा दोघींना शिकवायला लावून मी मागे बसले. मी परत आल्यानंतर तोच वर्ग चालू राहिला, माझा आधीचा नाही. तुम्हाला जायचेच असेल तर शिकवायला जाऊ नका, शिकवणारीच्या मागे बसायला जा, आणि निदान एक पेरणी व एक कापणी पाहीपर्यंत राहा.

तर्कट
11 फेब्रुवारी 2010

मी जे विचारले त्याहून अधिक मिळाले. एक उपप्रश्न: त्या दोघी शिक्षिकांना मानधन कोण देते? बाहेरची ताई विमानाचे भाडे भरून फुकट शिकवते आणि गावातली बाई शेत सोडून फुकट शिकवते, या दोन फुकटांची किंमत सारखी नाही. ताईंचे भाडे आणि खर्च मिळून जी रक्कम होईल तीच पाठवून दिली तर जास्त काम होणार नाही का?

पायवाट
11 फेब्रुवारी 2010

अतिशय रास्त प्रश्न. आमच्या पाठवणाऱ्या संस्थेने मानधनाचे आश्वासन दिले आणि पाचव्या महिन्यात थांबवले; त्यानंतर शिक्षिकांपैकी एकीने येणे सोडले आणि तिला दोष द्यायला मला तोंड नव्हते. पुढे कूच्या बायकांनी ठरवले की जी शिकवते तिच्या शेतात दोन दिवस जास्त राबायचे. पैशापेक्षा तो तोडगा टिकला. नुसती रक्कम पाठवण्याबद्दल माझे मत अनुकूल आहे, पण ती कोणाला, कशासाठी पाठवायची हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही, आणि बसायला गेले की भाडे खर्च झालेलेच असते. या कोड्यातून मी बाहेर पडले आहे असे नाही.

छावणीतून
12 फेब्रुवारी 2010

फार मोठे लिहीत नाही. माझी धाकटी बहीण केंद्रीय राखीव पोलीस दलात आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर लायबेरियात जाऊन आली. जानेवारी 2007 पासून आपल्या दलाची शंभराहून अधिक महिलांची तुकडी तिथे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली ही महिलांची पहिलीच पोलीस तुकडी. बहीण सांगते, की मन्रोव्हियात भारतीय बाई दिसली की पोरी सॅल्यूट ठोकतात. तेव्हा ताई, ओळखीची फार चिंता करू नका. हस्तांदोलन करताना शेवटी बोटाने चुटकी वाजवायला तेवढे शिकून घ्या, ते जमले नाही तर मनसोक्त हसतात.

वसईची_बाई
2 मार्च 2010

मंडळी, तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण तुमच्या प्रश्नांवर घरात बरीच चर्चा झाली. सिस्टरांना पत्र लिहून विचारले, की मी वर्गावर उभी न राहता शिक्षिकांबरोबर बसले तर चालेल का, आणि त्या शिक्षिका कोण आहेत. त्यांचे उत्तर आले: असे आजवर कोणी विचारले नव्हते, दोघी आहेत, तिसरी तयार होईल. मी तीन महिन्यांचा बेत रद्द केला आहे. आता निघाले तर ऐन पावसात पोहोचेन. पुढच्या जानेवारीत, जंगल तोडायच्या वेळेला जायचे आणि कापणीनंतर परत यायचे ठरते आहे. तोपर्यंत यजमानांच्या प्रश्नाचा मान राखून तलासरीच्या एका पाड्यावर बचत गटाच्या बायकांबरोबर बसायला सुरुवात केली. तिथेही पहिल्या दिवशी फळ्यापुढे उभी राहण्याची सवय जाता जाईना.

श्रद्धेबद्दल तर्कट यांना एवढेच सांगते: मी जाते आहे ते येशूसाठीच, हे मी लपवणार नाही. पण अंकलिपीत तो नसला तरी त्याला चालेल असे मला वाटू लागले आहे.

वसईची_बाई
13 नोव्हेंबर 2011

धागा जुना झाला, तरी वर काढते. ग्बार्नगाच्या सायबर कॅफेतून लिहिते आहे. जानेवारीपासून इथे आहे, पुढच्या महिन्यात परत निघेन.

पायवाटताईंनी सांगितलेले बहुतेक सगळे खरे निघाले, हिवतापासकट. मी मागच्या बाकावर बसते. तिघी शिक्षिका आहेत. त्यांच्यापैकी सर्वांत धाकटी माझ्यापेक्षा चांगली शिकवते, कारण तिला घाई नसते. सुसूची वही आता गटातल्या बायकाच पाळीपाळीने लिहितात. जुलैत एका आठवड्याला लिहिणारी आजारी होती म्हणून मी लिहिली. पुढच्या बैठकीला वही फिरवताना एकीने बोट ठेवून माझ्यासमोर धरली. तिने 50 लिबेरियन डॉलर दिले होते, मी 5 लिहिले होते. ती काही बोलली नाही, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि मी शून्य काढेपर्यंत बोट हलवले नाही. मग मात्र सगळ्या जणी इतक्या हसल्या की बाहेरची मुले आत डोकावली.

एक गोष्ट पायवाटताईंच्या लिखाणात नव्हती, ती सांगून ठेवते. चाळिशीच्या पुढच्या ज्या बायकांना आम्ही 'डोक्यात शिरत नाही' अशा समजत होतो, त्यांतल्या एकीने गमतीने माझा चष्मा लावला आणि वहीकडे पाहून ओरडली. तिला आठ महिने अक्षरे दिसतच नव्हती! पहिलीच्या वर्गात सहा वर्षांची मुले शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला हे सुचले नाही. तेव्हापासून माझा चष्मा वर्गात पाळीपाळीने फिरतो आणि मी स्वतः निम्मा वेळ आंधळी असते. इथे पेन्सिली, वह्या, पाट्या सगळे मिळते. वाचायचे चष्मे परवडतील अशा किमतीला मिळत नाहीत. वसई स्टेशनबाहेर फुटपाथवर मिळतात तसले, दीड, दोन आणि अडीच नंबरचे, कोणी इकडे येणार असेल तर घेऊन यावेत. डब्याची गरज नाही.

दर्यावर्दी
14 नोव्हेंबर 2011

आमचे जहाज जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रीपोर्टला लागेल असे दिसते. दोन नंबरचे 40 आणि बाकीचे वीस-वीस घेतो. तुम्ही तोवर परतलेल्या असाल, तेव्हा बंदरावर कोणाकडे द्यायचे ते व्यक्तिगत निरोपातून कळवा.